चौदा फरक आणि एक ठिपका

मंगळवार, दिनांक १२ मार्च २०१९ रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जावयाला सासऱ्यांकडून चौदा फरक मिळाले. ते फोनवरून एका दमात वाचून दाखवण्यात आले. प्रत्येक फरकाला क्रमांक होता, जागा होती आणि मिलिमीटरमधले माप होते.

"फरक क्रमांक एक," सासरे म्हणाले. "तुम्ही पाठवलेल्या चित्रात तीन चौकोन शेजारी शेजारी आहेत. इथे ते एकाखाली एक आहेत. तिसरा तर पडद्याच्या खाली जाऊन टेबलात शिरलाय म्हणा ना. क्रमांक दोन. डावीकडे बारा मिलिमीटर मोकळी जागा हवी, चोवीस आहे. नेमकी दुप्पट. नेमकी दुप्पट चूक आपोआप होत नाही, जावईबापू. ती कोणीतरी करतं."

"ती त्या ब्राउझरची खोड आहे, बाबा. जुना आहे ना. डावीकडचं अंतर तो दुप्पट धरतो."

"मग त्याला सांगा तसं."

"सांगतो," जावई म्हणाला. वास्तविक त्याचे सगळे काम या एका शब्दात आले होते. नव्या ब्राउझरला 'हे तीन चौकोन शेजारी बसव' असे सांगितले की तो ते बसवतो. जुन्या ब्राउझरला ती भाषाच ठाऊक नसते. न समजलेल्या सूचनेबद्दल तो तक्रारही करत नाही. हाती आलेले सामान एकाखाली एक टाकतो आणि मोकळा होतो. त्याच्याकडून काम करून घ्यायचे तर त्याच्या काळच्या भाषेत, त्याच्या खोडी सांभाळून बोलावे लागते. सात वर्षे सासऱ्यांशी बोलण्याचा सराव असल्यामुळे जावयाला ही पद्धत अगदीच अपरिचित नव्हती.

जावई घरी बसून वेबपाने तयार करत असे. 'घरी बसून' या शब्दांचा सासऱ्यांच्या मनातला अर्थ लग्नापासून बदललेला नव्हता. ते स्वतः एकतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. त्यांनी पास केलेला सुटा भाग पुढे कोणी मोजत नसे, आणि त्यांनी रिजेक्ट केलेल्या भागाची शिफारस खुद्द मालकही करत नसत. निवृत्तीनंतर ते एका नेत्र रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर मानद सेवक म्हणून बसू लागले. निवृत्ती आणि खिडकी यांच्यामधले पाच महिने ते पूर्ण वेळ घरी होते. त्या पाच महिन्यांविषयी सासूबाई आजही सलग बोलू शकत नसत. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमधले अंतर, खिडक्यांच्या पडद्यांच्या खालच्या कडा, फळीवरच्या डब्यांची रांग, सारे काही पोलादी पट्टीने मोजले गेले होते. सासूबाईंची उशी दोनदा रिजेक्ट झाली होती.

आता रुग्णालयाच्या विश्वस्तांनी नंबर लावण्याचे काम वेबपानावर न्यायचे ठरवले होते. बाहेरच्या एका कंपनीने पान आणि खिडकीवर बसणारी माणसे असे दोन्ही देऊ केले होते. त्यावर सासरे भर बैठकीत उठून उभे राहिले आणि "माझे जावई करतील" एवढेच बोलून खाली बसले. आयुष्यात प्रथमच त्यांनी मोजल्याशिवाय कशाची तरी हमी दिली होती. दुपारी चार वाजता विश्वस्त खिडकीवर येऊन पान पाहणार होते. पान नीट दिसले तर खिडकी सासऱ्यांची राहणार होती. नाही दिसले तर ती कंपनीकडे जाणार होती आणि सासरे घरी.

"आईचा फोन होता," पत्नीने चहाचा कप टेबलावर ठेवत सांगितले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. होईल ना गं त्याच्याकडून, एवढंच विचारलं. मग गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते."

अडचण पानात नव्हती. नव्या संगणकांवर ते देखणे दिसत होते. अडचण खिडकीवरच्या संगणकाची होती. तो सोळा वर्षांचा होता आणि त्याच्या मागून निघालेली एक जाड वायर शेजारच्या खोलीतल्या नजर तपासणीच्या यंत्राला जोडलेली होती. ते यंत्र फक्त त्याच संगणकाचे ऐकत असे, आणि तपासणीची पहिली फेरी रुग्ण याच पडद्यासमोर बसून देत असे. त्यामुळे त्यात नवे काही घालायचे नाही, जुने काही काढायचे नाही आणि कारणाशिवाय बंदही करायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. जुना ब्राउझर या कराराखाली सुरक्षित होता.

"मी तिकडेच येतो, बाबा," जावई म्हणाला. "समोर बसून करतो."

"कशाला? यायला दीड तास, जायला दीड तास. आमच्याकडे ड्रॉइंग एका गावात व्हायचं आणि भाग दुसऱ्या गावात. माप बरोबर असलं की माणसाला हलावं लागत नाही. तुम्ही बदल करा, मी पान नव्याने उघडतो, मोजतो आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवतो."

तासाभरात जावयाने तीन चौकोन शेजारी आणले आणि डावीकडचे दुप्पट अंतर निम्मे केले. स्वतःच्या संगणकावर त्याने तोच जुना ब्राउझर खास या कामासाठी बसवून घेतला होता, आणि तिथे सारे जागच्या जागी दिसत होते. मात्र सासऱ्यांची मापे काही केल्या जुळेनात. एकदा ते सतरा सांगत, त्याच जागेचे पुढच्या फोनवर पंधरा.

"बाबा, रागावू नका," जावयाने शेवटी विचारले, "पण तुम्ही मोजता कुठून? पानाच्या कडेपासून, पडद्याच्या काचेपासून की बाहेरच्या चौकटीपासून?"

पलीकडे पट्टी टेबलावर ठेवल्याचे ऐकू आले. जावयाला वाटले, संपले. मग सासऱ्यांचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत होता.

"बरोबर विचारलंत. एकदम बरोबर विचारलंत. मी व्यवस्था करतो."

दहा मिनिटांनी नवा फोटो आला. त्यात तीन चौकोन होते, शीर्षक होते, बटणे होती, आणि पानाच्या मधोमध, कोणत्याही मांडणीत कधीही न योजलेला, एक लालभडक गोल ठिपका होता.

जावयाने फोटो मोठा करून पाहिला. ठिपका साधारण वाटाण्याएवढा होता. कडा स्वच्छ होती. त्याने स्वतःच्या संगणकावरच्या जुन्या ब्राउझरमध्ये पान उघडले. तिथे ठिपका नव्हता. नव्या ब्राउझरमध्ये नव्हता. मोबाइलवर नव्हता. म्हणजे ठिपका फक्त त्या संगणकावर उगवत होता, आणि तोसुद्धा सकाळी नव्हता; जावयाने दुरुस्ती केल्यानंतर आला होता. त्याने काहीतरी केले होते.

त्याने संशयितांना एकेक करून बाहेर काढले. यादीतल्या प्रत्येक ओळीआधी ब्राउझर आपण होऊन एक ठिपका घालतो, म्हणून त्याने याद्या काढल्या. भरणे आवश्यक असलेल्या रकान्यांशेजारी लाल खुणा होत्या, त्या काढल्या. त्या जातीच्या ब्राउझरची एक जुनी बदनामी अशीही होती की दोन चौकोनांच्या मधोमध बनवणाऱ्याने स्वतःपुरती लिहिलेली टिप्पणी त्याला पचत नाही आणि तिचा शेवटचा तुकडा तो पडद्यावर टाकतो. म्हणून जावयाने सगळ्या टिप्पण्या पुसल्या. मग फोन लावला.

"बाबा, पडद्यावर एक लाल ठिपका दिसतोय का?"

"दिसतोय ना. स्वच्छ दिसतोय."

"आता मी एक बदल केलाय. पान पुन्हा उघडा. आहे अजून?"

"आहे."

"तिथेच?"

"तिथेच म्हणजे? तसूभर हललेला नाही." सासऱ्यांच्या आवाजात समाधान होते. "तुम्ही त्याची काळजी सोडा. तो हलणार नाही ही माझी जबाबदारी."

जावई फोन ठेवून भिंतीकडे पाहत राहिला.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"बाबा मला टोमणे मारतायत."

"बाबांना टोमणे मारता येत नाहीत. ते सरळ रिजेक्ट करतात."

साडेबाराला त्याने चौकोनांच्या सावल्या काढल्या, गोलसर कोपरे काढले आणि उरलेल्या मोकळ्या जागेत चौकोन थोडे वर सरकवले. नव्या फोटोत मांडणी जवळपास अचूक होती. चौदापैकी अकरा फरक मिटले होते. मात्र पहिल्या चौकोनात रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांचा, म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्यांचा, फोटो होता. चौकोन वर सरकल्यामुळे तो फोटो ठिपक्याखाली आला होता. ठिपका मोठ्या बाईंच्या डाव्या डोळ्यावर बसला होता.

सासऱ्यांनी तोच फोटो 'प्रगती समाधानकारक' असे लिहून रुग्णालयाच्या सर्व मंडळींच्या ग्रुपवरही पाठवला होता. हे जावयाला पाचच मिनिटांनी, खुद्द मोठ्या बाईंच्या फोनवरून कळले.

"तुम्ही त्यांचे जावई ना?" बाईंचा आवाज हळू आणि अत्यंत स्पष्ट होता. "मी आत्ता दुसऱ्या इमारतीत आहे. सकाळपासून नऊ ऑपरेशनं झाली. मध्ये चहाला थांबले तर ग्रुपवर हा फोटो. माझ्या डाव्या डोळ्यावर लाल खूण कशासाठी आहे?"

"बाई, ती चुकून आलीय. म्हणजे ती येतेय. मी काढतोय."

"आमच्याकडे लाल खूण म्हणजे आज या डोळ्याचं ऑपरेशन, हे माहीत आहे तुम्हाला? अगदी अशीच असते. एवढीच, आणि याच रंगाची. एवढ्यात तिघांनी मला विचारलं की काल रात्रीपासून उपाशी आहात ना."

"सॉरी, बाई."

"चार वाजता अध्यक्ष येतायत. त्यांच्यासमोर माझा डोळा असा दिसला तर मी स्वतः ते पान बंद करायला सांगेन. तुमच्या सासऱ्यांचा मान मी नेहमीच ठेवते, पण माझे डोळेही मला ठेवायचे आहेत."

जावयाने फोन ठेवून मोठ्या बाईंचा फोटो काढून टाकला. एकीचा काढला तर बाकीच्यांचे ठेवणे बरे दिसेना, म्हणून इतर दोन डॉक्टरांचेही काढले. फोटो गेल्यामुळे चौकोन रिकामे दिसू लागले, म्हणून त्याने अक्षरे मोठी केली. मोठ्या अक्षरांत मागची फिकट निळी छटा घाणेरडी दिसू लागली, म्हणून ती काढून पांढरे पान ठेवले. वर तरंगणारी मेनूची पट्टी संशयास्पद होतीच; तीही गेली. प्रत्येक वेळी तो फोन लावी, "ठिपका?" असे विचारी, आणि सासरे तितक्याच तत्परतेने "आहे. जागेवर आहे," असे सांगत. एकदा तर त्याने विचारायच्या आतच सासरे म्हणाले, "ठिपका ठीक आहे. बोला पुढे."

मधल्या वेळात पत्नी फोनवर वडिलांशी बोलून आली. ती जरा गोंधळलेली दिसत होती.

"बाबा तुझं कौतुक करत होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ठिपक्याकडे इतकं लक्ष देणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. म्हणाले, सात वर्षांत आज पहिल्यांदा कळलं की हा काम करतो."

"आणि हे कौतुक आहे?"

"आवाजावरून तरी तसंच वाटलं."

"तुझ्या काकांच्या नव्या घराला 'हवेशीर आहे' म्हणाले होते, तेव्हाही आवाज असाच होता. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्या खिडक्या उतरवल्या."

पावणेदोनच्या सुमारास पान जवळजवळ उघडे पडले होते. पांढऱ्या जागेवर काळी ठळक अक्षरे, डॉक्टरांची नावे, वेळा आणि दोन बटणे: 'नंबर लावा' आणि 'मागे'. संगणकाच्या बालपणीही यापेक्षा नटलेली पाने होती. लाल रंगाचे नावही पानात कुठे उरले नव्हते. जावयाने नवा फोटो मागवला. ठिपका होता. तो आता 'नंबर लावा' आणि 'मागे' यांच्या बरोबर मध्ये, कोणाचीही बाजू न घेता बसला होता.

तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला आणि त्याने लगेच फोन लावला.

"बाबा, एक करा. पान बंद करा. पूर्ण बंद. आता नुसता पडदा दिसतोय?"

"दिसतोय."

"आणि ठिपका?"

"आहे की."

"पान नसतानाही?"

"पानाचा आणि त्याचा काय संबंध? तो असायलाच हवा."

"नजर तपासणीचा प्रोग्रॅम उघडा बघू. त्याच्यावर?"

"त्याच्यावरही आहे. जावईबापू, किती वेळा सांगू, तो पक्का बसलाय. आता जन्मात निघत नाही."

जावयाने फोन ठेवला. आतापर्यंत त्याला वाटत होते की त्याचे पान बिघडले आहे. आता उघड झाले की त्याच्या पानाने संगणक बिघडवला आहे. सोळा वर्षे ज्याला कोणी हात लावला नव्हता, ज्याच्या भरवशावर आख्ख्या रुग्णालयाची नजर तपासली जात होती, त्याच्या पडद्याच्या मधोमध त्याने सकाळपासून वीस वेळा पान उलटसुलट करून एक जागा जाळली होती. आणि तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये रुग्णाने काय करायचे असते? पडद्यावर ठिपका दिसला की सांगायचे असते. म्हणजे यापुढे तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक ठिपका नक्की दिसणार होता.

"मी निघालो," तो म्हणाला आणि स्वतःच्या संगणकाचा पडदा सोडवू लागला.

"हा कुठे नेतोस?"

"बदलून देतो. त्यांचा पडदा जळलाय. माझ्यामुळे."

पत्नीने पलंगावरची चादर ओढली आणि पडद्याला गुंडाळली. दाराशी ती म्हणाली, "आईला काय सांगू?"

"आत्ता काही सांगू नकोस."

टॅक्सीत त्याने चादरीतला पडदा मांडीवर उभा धरला होता. चालकाने आरशातून दोनदा पाहिले. "साहेब, आरसा आहे का आत? गाडी हळू घेऊ?"

"पडदा आहे. गाडी जोरात घ्या."

तो रुग्णालयात शिरला तेव्हा चाराला वीस मिनिटे कमी होती. बाकांवर डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेली माणसे माना मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. खिडकीपाशी सासरे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. एका हातात पोलादी पट्टी, दुसऱ्या हातात काटकोन तपासायचा गुण्या आणि चेहऱ्यावर असा एक भाव, जो जावयाने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ते प्रसन्न होते.

"हे काय आणलंत?"

"पडदा, बाबा. नवा. तुमचा बदलायला." जावयाने चादरीसकट ओझे बाकावर ठेवले. "मी सगळ्यांची माफी मागतो. मोठ्या बाईंची, अध्यक्षांची. तुमचीही. चूक माझी आहे."

"कसली चूक? चौदाच्या चौदा फरक मिटलेत. आत्ताच शेवटचं माप घेतलं."

जावई त्यांना ओलांडून संगणकासमोर गेला. पान उघडे होते. मधोमध ठिपका होता. त्याने वाकून पाहिले. मग चष्मा काढून पाहिले. मग एक बोट पुढे केले आणि ठिपक्याच्या कडेवरून नख फिरवले. कड किंचित उचलली गेली.

"हां, हां. हात नका लावू," सासरे म्हणाले.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "हा चिकटवलेला आहे."

"मग? नुसता ठेवून राहील का?"

"तुम्ही चिकटवलात?"

"दुसरं कोण चिकटवणार? सकाळी तुम्हीच नाही का विचारलंत, मोजता कुठून म्हणून? लाज वाटली मला. एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की आधी एक पक्की जागा धरा आणि सगळी मापं तिथूनच घ्या, आणि इथे स्वतः मनाला येईल तिथून मोजत बसलो होतो. ताबडतोब सिस्टरकडून एक घेतला आणि लावला."

खिडकीच्या आत औषधांच्या बाटल्या लावणाऱ्या सिस्टरने मान वर केली. "ऑपरेशनच्या डोळ्याच्या वर लावतो तो आम्ही. पाणी लागू द्या, घाम लागू द्या, निघत नाही. आणि माझ्याकडे आता तीनच उरलेत, तेव्हा तो वाया घालवू नका."

जावई खुर्चीवर बसला. सकाळपासून त्याने काढून टाकलेल्या साऱ्या वस्तू एका रांगेत त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या: याद्या, सावल्या, गोलसर कोपरे, निळी छटा, मेनूची पट्टी, तीन डॉक्टर. बोलावे की गप्प राहावे, हे त्याला ठरवता येईना. सासरे मात्र बोलत होते.

"तुम्ही प्रत्येक मापाआधी ठिपक्याची चौकशी केलीत. एकदाही चुकला नाहीत. तपासणी विभागात मी इतक्या माणसांना घडवलं, पण जेवायच्या सुट्टीतही पक्क्या जागेची आठवण ठेवणारा एक नाही मिळाला. मी तुम्हाला ओळखलं नव्हतं, जावईबापू."

एवढे ऐकल्यावर खरे सांगणे म्हणजे सासऱ्यांना रिजेक्ट करणे होते. जावयाने ठिपक्याची उचललेली कड बोटाने दाबून पुन्हा बसवली.

पानाला जुने रूप देण्याइतका वेळ आता नव्हता. चार वाजता अध्यक्ष आले, त्यांच्यामागे आणखी दोन विश्वस्त आणि सर्वांत शेवटी मोठ्या बाई. अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिले. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते.

"हेच का ते पान?" त्यांनी विचारले. "कंपनीच्या पानावर तर हलणारी चित्रं होती."

"अनावश्यक काही ठेवलेलं नाही," सासरे म्हणाले.

"आणि हा ठिपका?"

सासरे सविस्तर उत्तर देण्यासाठी पट्टी सरसावून पुढे झाले. तेवढ्यात मोठ्या बाई जावयाशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठिपक्याकडे व मग त्याच्याकडे नीट पाहिले.

"माझ्या डोळ्यावरची खूण हीच का?"

"हो, बाई."

"आणि ती काढता येईना म्हणून तुम्ही मलाच काढलंत."

"हो, बाई."

"म्हणजे ऑपरेशन झालं. पेशंट मात्र उरला नाही."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कंपनीची हलणारी चित्रे स्पष्ट दिसू लागली होती. सासऱ्यांच्या हातातली पट्टी खाली आली. याच क्षणी बाकावरचे एक आजोबा भिंतीचा आधार घेत खिडकीपाशी आले. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि समोर कोण उभे आहे याची त्यांना पर्वा नव्हती.

"पुढच्या तपासणीचा नंबर कुठे लावायचा?"

"मी लावून देतो," सासरे सवयीने म्हणाले.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांना लावू दे."

आजोबांनी मान तिरकी करून पडद्याकडे पाहिले. माऊस टेबलभर फिरवला. अक्षरे त्यांच्या अंगठ्याएवढी होती. त्यांनी डॉक्टरांचे नाव मोठ्याने वाचले, वेळ मोठ्याने वाचली आणि 'नंबर लावा' दाबले. मग अध्यक्षांच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना बाजूला केले आणि ते बाकावर परत गेले. मागोमाग एक बाई आल्या, त्यांनीही लावला. मग आणखी एक.

"औषध घातल्यावर तासभर माणसाला स्वतःचा हात नीट दिसत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "कंपनीचं पान मी स्वतः थेंब घालून पाहिलं होतं. मला त्यात बटणच सापडलं नव्हतं. हेच ठेवा."

"ठेवू," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा नूर पार बदलला होता. "कोणाला काही विचारावं लागलं नाही, हे उत्तम झालं. म्हणजे कंपनीही नको आणि कंपनीची माणसंही नकोत. खरं म्हणजे आता खिडकीवर माणूसच नको." ते सासऱ्यांकडे वळले आणि त्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही खूप केलंत. आता विश्रांती घ्या."

सासऱ्यांनी हात सोडवून घेतला. मग त्यांनी पोलादी पट्टी रुमालाने पुसली, कातडी म्यानात घातली आणि खिशात ठेवली.

"पान पास आहे," ते म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत मागच्या सीटवर तिघे होते: जावई, सासरे आणि मध्ये चादरीत गुंडाळलेला पडदा. सासरे बाहेर पाहत होते. एका दुकानाची पाटी डावीकडे झुकलेली होती. एरवी त्यांनी ती किती झुकली आहे हे सांगितले असते. आज त्यांनी तिच्याकडे नुसते पाहिले.

जावयाने एकदा चादरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. सकाळी त्याने एक प्रश्न विचारला होता आणि त्यातून ठिपका निर्माण झाला होता. आता पुन्हा तोंड उघडण्यात धोका होता, हे त्याला समजत होते.

"बाबा," तो म्हणाला, "माझ्याकडे मोजायला कोणी नाही."

सासऱ्यांनी मान वळवली. "कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"इतकी वर्षं तुम्ही तपासणीशिवाय माल बाहेर पाठवताय?"

"हो."

सासऱ्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग खिडकीतून मागे वळून त्या पाटीच्या दिशेने पाहिले आणि म्हणाले, "चार अंश तरी झुकली असेल. उद्या नऊला येतो."

दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना पत्नी फोन ठेवून बाहेरच्या खोलीत आली.

"आईचा होता. रडत होती."

"का? काय झालं?"

"काही नाही. तिने कपडे वाळत घातलेत. म्हणाली, मुद्दाम वाटेल तसे घातले आणि खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसलेय. तुला आशीर्वाद सांगितलाय."

ठीक नऊ वाजता घंटा वाजली. सासऱ्यांच्या हातात पट्टी, गुण्या आणि ओळंबा होता. वरच्या खिशात उरलेले तीन लाल ठिपके होते. सिस्टरने ते निरोपाची भेट म्हणून दिले होते. एक त्यांनी जावयाच्या पडद्याच्या मधोमध लावला, दुसरा टेबलावर आणि तिसरा, थोडा विचार करून, स्वयंपाकघराच्या चौकटीवर.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जावयाच्या घरात एकूण एकेचाळीस फरक सापडले. त्यांपैकी संगणकावर दोन.